सीआरपी वाढलाय, पण त्यातून पुढचं कळतं का?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लोक एकमेकांना आकडे विचारत होते. सीआरपी किती आला? डी-डायमर? फेरिटिन? आयएल-६ केलं का? रिपोर्ट व्हॉट्सॅपवर फिरायचे आणि लाल ठशातला आकडा बघून घरातल्यांचा जीव खालीवर व्हायचा. त्याच मे महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की लक्षणं सौम्य असतील तर उगाच सीटी स्कॅन आणि या रक्तचाचण्या करत बसू नका.

या यादीतली सगळी नावं प्रथिनांची आहेत (डी-डायमर हा प्रथिनाचा तुकडा). श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात कोणाची तब्येत बिघडणार हे रक्तातल्या प्रथिनांवरून आधीच सांगता येईल का, या प्रश्नावर २०२० पासून प्रचंड काम झालंय. तुमच्यापैकी जे पीएचडीसाठी बायोमार्करचा विषय घ्यायचा विचार करताय, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे.

आधी दोन वाक्यं शेजारी ठेवा.

एक : गंभीर रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन जास्त आढळलं.
दोन : हे प्रथिन जास्त आढळलं, म्हणून हा रुग्ण गंभीर होणार.

पहिलं वाक्य सिद्ध करायला काही महिने पुरतात. दुसऱ्यासाठी बरीच वर्षं लागतात आणि बहुतेक वेळा ते सिद्ध होतच नाही. तरी कितीतरी पेपरांत पहिल्याचा पुरावा देऊन निष्कर्षात दुसरं लिहिलेलं असतं. हे अंतर कुठे कुठे पडतं ते बघू.

ही प्रथिनं येतात कुठून?

सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकॉकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या पॉलिसॅकराइडला ते चिकटायचं, म्हणून हे नाव. पुढे कळलं की ते त्या एका जिवाणूपुरतं नाही. शरीरात कुठेही मोठा दाह सुरू झाला की पेशी आयएल-६ नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतात, ते यकृतापर्यंत पोहोचतं आणि यकृत सीआरपी बनवायला घेतं. निरोगी माणसात लिटरमागे काही मिलिग्रॅम असणारा सीआरपी दोन दिवसांत शेकडो मिलिग्रॅमवर जाऊ शकतो. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य साधारण १९ तासांचं असतं. म्हणजे दाह थांबला की तो लवकर उतरतो.

बाकीची मंडळीही अशीच वेगवेगळ्या दारांनी आत येतात. फायब्रिनच्या गुठळ्या विरघळताना डी-डायमर सुटतो. पेशी फुटल्या की त्यांच्या आतलं एलडीएच हे एन्झाइम बाहेर येतं. फेरिटिन लोह साठवतं, पण दाहातही वाढतं. अल्ब्युमिन मात्र उलट्या दिशेने जातं, गंभीर आजारात ते कमी होतं.

यातलं एकही प्रथिन विषाणूने बनवलेलं नाही. सगळी आपल्याच शरीराची प्रतिक्रिया आहे. त्यामुळे कोविड असो, इन्फ्लुएंझा असो की जिवाणूंचा न्यूमोनिया, चित्र बऱ्याच अंशी सारखं दिसतं. ‘कोविडचा मार्कर’ असं शीर्षक दिसलं की तुलना कोणाशी केलीय ते बघा. निरोगी लोकांशी केली असेल, तर तो ‘आजारी असण्याचा’ मार्कर असू शकतो. खरी तुलना दुसऱ्या विषाणूने तितक्याच आजारी पडलेल्यांशी व्हायला हवी.

मोजायची कशी?

रक्तातली प्रथिनं मोजणं जिकिरीचं आहे. अल्ब्युमिन एका मिलिलिटरमध्ये ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं, तर निरोगी माणसात आयएल-६ असतं फक्त काही पिकोग्रॅम. दोघांत सुमारे १० अब्ज पटींचा फरक आहे. म्हणजे हजार कोटी रुपयांच्या ढिगात एक रुपयाचं नाणं शोधायचं आणि तो एकाचा दीड झाला का, हेही सांगायचं.

मास स्पेक्ट्रोमेट्रीने एकाच नमुन्यात शेकडो प्रथिनं दिसतात, पण मुबलक प्रथिनांच्या गर्दीत आयएल-६सारखी बारीक मंडळी हरवतात. त्यांच्यासाठी अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या लागतात. म्हणून ‘आम्हाला अमुक प्रथिनांत फरक सापडला’ या वाक्याला एक न लिहिलेली पुरवणी असते : ‘आमच्या यंत्राला जी दिसू शकत होती त्यांपैकी.’

आता काही कंटाळवाणे वाटणारे, पण प्रबंध बुडवू शकणारे मुद्दे. सीरम आणि प्लाझ्मा एकच नव्हे. सीरम काढताना रक्त गोठू देतात, त्यात फायब्रिनोजेन संपून जातं. नमुना घेताना किंवा नेताना लाल पेशी फुटल्या, तर एलडीएच खोटं वाढतं. विषाणू निष्क्रिय करायला नमुना ५६ अंशांवर तापवला असेल, तर काही प्रथिनांची मोजमापं बदलतात. गंभीर रुग्णांचे नमुने आयसीयूतून आणि सौम्य रुग्णांचे ओपीडीतून आले असतील, दोन्हीकडे हाताळणी वेगळी असेल, तर तुमचं मॉडेल आजाराऐवजी हाताळणीतला फरक शिकेल.

एककंही तपासा. सीआरपी कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर देतात, कुठे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एकाच रक्ताचा आकडा दहापट वेगळा दिसतो. डी-डायमरचे आकडेही दोन पद्धतींनी देतात आणि त्यांत साधारण दुपटीचा फरक असतो. चार रुग्णालयांचा डेटा एकत्र करणार असाल, तर हे काम आधी करा. मशीन लर्निंग नंतर.

३१ माणसं आणि २९ खुणा

२०२० मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात चीनमधल्या एका गटाचा गाजलेला पेपर आला. त्यांनी कोविड रुग्णांच्या सीरममधली प्रथिनं आणि चयापचयातले छोटे रेणू मोजले. पूरक प्रथिनांची यंत्रणा, मॅक्रोफेज पेशी, प्लेटलेट यांत काय गडबड होते याचं चांगलं चित्र त्यातून मिळालं. सोबत गंभीर आणि बिगर-गंभीर रुग्ण ओळखणारं एक मॉडेलही होतं. त्यात २२ प्रथिनं आणि ७ छोटे रेणू, म्हणजे २९ खुणा होत्या. मॉडेल शिकवायला रुग्ण होते ३१ : १८ बिगर-गंभीर, १३ गंभीर. मग १० स्वतंत्र रुग्णांवर तपासलं, तेव्हा ७ बरोबर आले. ही गोष्ट त्यांनी सारांशातच स्पष्ट लिहिली आहे, हे महत्त्वाचं.

तुम्ही हा आकडा कसा वाचाल? १० पैकी ७ म्हणजे ७० टक्के, पण नमुना इतका लहान आहे की ९५ टक्के विश्वासांतर साधारण ३५ ते ९३ टक्के येतं. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट ते जवळजवळ अचूक, यांतलं काहीही असू शकतं.

मूळ अडचण गणिताची आहे. खुणांची संख्या माणसांच्या संख्येच्या जवळ गेली की मॉडेलला शिकण्याऐवजी पाठांतर करता येतं. त्यातच आपण शेकडो प्रथिनांतून निवड करतो. समजा ५०० प्रथिनं मोजली आणि खरं तर एकातही फरक नाही. तरी ०.०५ ही मर्यादा लावली, तर सरासरी २५ प्रथिनं ‘लक्षणीय’ ठरतील, निव्वळ योगायोगाने. बेंजामिनी-हॉकबर्गसारखी दुरुस्ती यासाठीच असते. आणखी एक चूक सर्रास दिसते. आधी सगळ्या नमुन्यांवर प्रथिनं निवडायची आणि मग त्याच नमुन्यांचे दोन भाग करून ‘चाचणी’ घ्यायची. पेपर फोडून परीक्षा घेण्याचाच हा प्रकार. निवडसुद्धा फक्त शिकवण्याच्या गटावर व्हायला हवी.

मग लहान अभ्यास करूच नयेत का? जरूर करावेत. मुंबईत आयआयटी बॉम्बेमधल्या प्रा. संजीवा श्रीवास्तव यांच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयातल्या रुग्णांच्या प्लाझ्मावर असंच काम केलं. आधी व्यापक शोध घेतला, मग निवडक प्रथिनं नेमकी लक्ष्य करून पुन्हा मोजली. आपल्याकडच्या रुग्णांचा असा डेटा असणं मोलाचं आहे. फक्त लहान अभ्यासातून उमेदवार मिळतात, निवडणूक बाकी असते.

रक्त नेमकं कधी काढलं?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

मे २०२० मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मध्ये वुहानच्या तोंगजी रुग्णालयातल्या ४८५ रुग्णांवरचा पेपर आला. मॉडेल अगदी सुटसुटीत होतं. एलडीएच, सीआरपी आणि लिम्फोसाइटचं प्रमाण या तीन आकड्यांचा एक निर्णयवृक्ष. एलडीएच ३६५च्या वर आहे का? नसेल तर सीआरपी ४१.२च्या वर आहे का? असेल तर लिम्फोसाइट १४.७ टक्क्यांच्या वर आहेत का? एवढ्यावर मृत्यूचं भाकीत ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने, तेही १० दिवसांहून आधी करता येतं, असा दावा होता. खाटा अपुऱ्या पडत असताना याचा अर्थ काय होतो, विचार करा. अशा झाडाच्या भरवशावर आयसीयूची खाट कोणाला द्यायची हे ठरू शकलं असतं.

मग नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कमधल्या गटांनी हेच झाड आपापल्या रुग्णांवर लावून पाहिलं. कामगिरी घसरली आणि त्यांची टिपणं त्याच नियतकालिकात छापून आली.

असं का झालं? एक मोठं कारण वेळेत आहे. प्रत्येक रुग्णाचे अनेक नमुने होते आणि मॉडेल शिकवलं गेलं ते शेवटच्या नमुन्यांवर. जो गेला त्याचा शेवटचा नमुना मृत्यूच्या जवळचा, जो बरा झाला त्याचा घरी जाण्याच्या जवळचा. अवयव निकामी होत असताना एलडीएच आणि सीआरपी वाढलेले असणारच. हे म्हणजे मतमोजणीच्या शेवटच्या फेरीत कोण निवडून येणार ते सांगण्यासारखं आहे. डॉक्टरला उत्तर हवं असतं रुग्ण दाखल होतानाच्या रक्तावरून, पहिल्या फेरीत.

म्हणून तुमच्या अभ्यासात ‘शून्य वेळ’ कोणती, ते आधी ठरवा. लक्षणं सुरू झाल्याचा दिवस, चाचणी पॉझिटिव्ह आल्याचा, की दाखल झाल्याचा? आजाराच्या तिसऱ्या दिवसाचा सीआरपी आणि दहाव्या दिवसाचा सीआरपी यांना एका रकान्यात बसवू नका.

४६ टक्के आणि ५ टक्के

दुसरं कारण रुग्णांच्या मिश्रणात आहे. त्या वुहानच्या अभ्यासात मॉडेल शिकवलेल्या ३७५ रुग्णांपैकी १७४ दगावले होते, म्हणजे ४६ टक्के. आता एक काल्पनिक चाचणी घ्या. दगावणाऱ्या १०० पैकी ९० जणांना ती बरोबर ओळखते आणि वाचणाऱ्या १०० पैकी ९० जणांनाही बरोबर ओळखते.

१००० रुग्णांपैकी ४६० दगावणार असतील, तर चाचणी त्यांतले ४१४ पकडेल. उरलेल्या ५४० पैकी ५४ जणांना उगाच धोक्यात दाखवेल. एकूण ४६८ जणांचा रिपोर्ट ‘धोका’ म्हणेल आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांबाबत तो खरा ठरेल.

आता तीच चाचणी अशा रुग्णालयात न्या जिथे ५ टक्केच दगावतात. १००० पैकी ५०. चाचणी ४५ पकडेल, पण उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांनाही धोक्यात दाखवेल. एकूण १४० जणांना ‘धोका’, त्यांत खरे ४५, म्हणजे ३२ टक्के. चाचणी, प्रथिन, यंत्र तेच. तरी रिपोर्टवरचा ‘धोका’ हा शब्द तीनपैकी दोनदा खोटा. घरी बसलेल्या, सौम्य लक्षणांच्या लोकांत हे प्रमाण आणखी खाली येतं. २०२१ मध्ये घराघरांत पसरलेल्या घाबरटीमागे हे साधं गणितही होतं.

वय आणि ऑक्सिमीटरपेक्षा जास्त काय सांगतं?

समजा तुमच्या प्रथिनाने हे सगळे अडथळे पार केले. पुढचा प्रश्न : जे फुकटात कळतं, त्यापेक्षा जास्त काय कळलं?

ब्रिटनमधला ‘फोर-सी’ मृत्यू-धोका गुणांक इथे बघण्यासारखा आहे. तो ३५ हजारांहून अधिक रुग्णांवर बांधला आणि वेगळ्या २२ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासला. त्यात आठच गोष्टी आहेत : वय, लिंग, इतर आजारांची संख्या, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्धीची अवस्था, युरिया आणि सीआरपी. एकूण गुण २१. त्यांत वयाला जास्तीत जास्त ७ आणि सीआरपीला २.

याची एयूसी ०.७७ ते ०.७९ आली. एयूसी म्हणजे काय, ते असं समजा : एक दगावलेला आणि एक वाचलेला रुग्ण डोळे मिटून निवडला, तर दगावलेल्याचा गुणांक जास्त असण्याची शक्यता. म्हणजे अशा १०० जोड्यांत ७७ ते ७९ वेळा क्रम बरोबर. ऐकायला ०.९५ इतकं भारी नाही, पण हजारो नव्या रुग्णांवर टिकलेला ०.७७ हा ४० रुग्णांवरच्या ०.९५ पेक्षा भरवशाचा.

तेव्हा तुमच्या नव्या प्रथिनाची एयूसी एकटी देऊन थांबू नका. आधी वय, ऑक्सिजन आणि श्वासाचा वेग यांचं मॉडेल करा, मग त्यात प्रथिन घाला आणि किती फरक पडला ते दाखवा. वय वाढलं की अनेक प्रथिनं बदलतात. काही ‘नवे मार्कर’ म्हणजे वयाचाच आडमार्गाने काढलेला दाखला असतो.

आकड्याने निर्णय बदलतो का?

शेवटी मार्करचं खरं काम एकच : काय करायचं ते ठरवायला मदत करणं. इथे काही चांगली उदाहरणं आहेत.

ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत टॉसिलिझुमॅब हे आयएल-६चा मार्ग अडवणारं औषध तपासलं. त्यात घेतलेल्या रुग्णांना ऑक्सिजनची कमतरता होती आणि त्यांचा सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून जास्त होता. २८ दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. ग्रीस आणि इटलीतल्या ‘सेव्ह-मोअर’ चाचणीत सूपार नावाच्या प्रथिनाची पातळी मिलिलिटरमागे ६ नॅनोग्रॅम किंवा जास्त असलेल्यांनाच घेऊन अनाकिन्रा तपासलं आणि फायदा दिसला. दोन्हीकडे आकडा औषधाच्या निर्णयाशी जोडलेला होता.

याची दुसरी बाजूही बघा. त्याच ‘रिकव्हरी’मध्ये डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवर आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी केले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथला निर्णय ऑक्सिजनवर ठरला होता. घरी बसलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या माणसाचा सीआरपी थोडा वाढला म्हणून स्टेरॉइड सुरू करणं या पुराव्यात बसत नव्हतं.

‘बीएमजे’मध्ये कोविडच्या भाकीत-मॉडेलांचा सतत अद्ययावत होणारा आढावा चालू होता. तो २३२ मॉडेलांपर्यंत पोहोचला, तेव्हा त्यातल्या जवळपास सगळ्यांत पूर्वग्रहाचा धोका जास्त किंवा अस्पष्ट ठरला होता. हुशारी कमी पडली असं नाही. घाई होती, नमुने लहान होते आणि बाहेरच्या रुग्णांवर तपासणी नव्हती.

प्रस्ताव लिहिण्याआधी

या विषयातला कुठलाही एक पेपर घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. मग तेच प्रश्न स्वतःच्या प्रस्तावाला विचारा.

१. तुलना कोणाशी आहे : निरोगी लोकांशी, की दुसऱ्या कारणाने तितक्याच आजारी लोकांशी?
२. ‘गंभीर’ची व्याख्या काय? ऑक्सिजन, आयसीयू की मृत्यू? आणि त्या व्याख्येतच तुमचा मार्कर दडलेला नाही ना?
३. रक्त आजाराच्या कितव्या दिवशी काढलं आणि तेव्हा रुग्ण आधीच गंभीर होता का?
४. गंभीर प्रसंग किती? एकूण रुग्ण नव्हे, ज्यांचं बिघडलं ते किती? आणि खुणा किती?
५. प्रथिनांची निवड करताना चाचणीचा गट बाजूला ठेवला होता का?
६. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर तपासलं का?
७. वय आणि ऑक्सिजन माहीत असताना हे प्रथिन काय भर घालतं?
८. आकडा अमुक आला तर डॉक्टर वेगळं काय करतील?

आठव्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर प्रस्ताव बायोमार्करचा म्हणून मांडू नका, आजाराची यंत्रणा समजून घेण्याचा म्हणून मांडा. तेही तितकंच चांगलं विज्ञान आहे. आणि चौथ्याचं उत्तर ‘१२’ असेल, तर गाइडशी बोलून आणखी एक रुग्णालय सोबत घ्या. एथिक्स कमिटीच्या मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे हे पहिल्या सत्रातच करा.